मागे उभी राहणारी ती

मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे मिशिगनला गेले होते. त्या राज्यात ११ हजारांहून जास्त तळी! सुट्टी लागली की माणसं होड्या घेऊन निघतात. लेक-जावयांकडे मोटरहोम आहे. ओटा, बिछाने, न्हाणीघर, सगळं पोटात घेऊन चालणारी लांबलचक गाडी. तिच्यामागे ट्रेलर आणि त्यावर बांधलेली १४ फुटी शिडाची होडी.

होडी पाण्यात सोडायला काठावर सिमेंटचा उतार असतो. गाडी उलटी घेत ट्रेलर पाण्यात न्यायचा, होडी तरंगली की गाडी पुढे काढायची. मी बाकावर बसून बघत होते. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगवर तो आणि मागे उभी राहून हात हलवणारी ती. ट्रेलर वाकडा गेला की ओरडा मात्र तिलाच! आमच्याकडेही तेच झालं. "डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?" जावई खेकसले. मागे चार गाड्या खोळंबलेल्या. लेकीचा चेहरा एवढासा झाला.

मला लागलं ते वेगळंच. बाकीचं सगळं तीच तर करत होती! ट्रेलरच्या वजनातलं १० ते १५ टक्के ओझं जोडावर यायला हवं, हे तिला ठाऊक. आपली बैलगाडी धुरजड नको आणि उलाळही नको, तसंच ते. ओझं मागे पडलं की ट्रेलर रस्त्यावर झोके खातो. जोडाखाली साखळ्या फुलीसारख्या अडकवायच्या, होडीच्या तळाचं बूच घट्ट लावायचं, डोलकाठी उभी करण्याआधी वर विजेच्या तारा नाहीत ना हे बघायचं (काठी ॲल्युमिनियमची, तारेला लागली तर जिवावरच बेततं), हे सगळं तिच्या बोटांवर. मग स्टिअरिंगच तेवढं का नाही?

रात्री विचारलं, तर म्हणाली, "मला रिव्हर्स नाही जमत गं आई. आणि तो चिडतो."

मीही पन्नाशीपर्यंत 'ह्यां'च्या स्कूटरवर मागेच बसले. जमत नाही म्हणत होते, पण खरं म्हणजे कधी हातात घेतलीच नव्हती. जावयांनाही हे कुणी शिकवलं नव्हतं बरं का. पुरुषाला गाडी येतेच, असं सगळे धरून चालतात. मग चारचौघांत फजिती झाली की राग निघतो तो बायकोवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये मी लेकीला स्टिअरिंगवर बसवलं. मागे उभे राहिले जावई. युक्ती साधी आहे. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरायचा. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा, त्याच बाजूला हात सरकवायचा. गाडी लांब आणि ट्रेलर आखूड, त्यामुळे तो पटकन मुडपतो. म्हणून अगदी हळू, थोडंथोडं. मोटरहोमचं मागचं शेपूट लांब असतं, ते उतारावर टेकत नाही ना, हे मागच्यानं बघायचं. आणि बिघडलं तर? गाडी पुढे घ्यायची, सरळ करायची, पुन्हा मागे यायचं. त्यात लाज कसली?

दहा-बारा वेळा चुकली. मग जमलं. मागे उभं राहून सांगणं किती अवघड असतं, ते जावयांनाही त्याच सकाळी कळलं!

यात नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. उद्या पाण्यात जावयांचा हात दुखावला, छातीत कळ आली, तर होडी बाहेर काढून गाडी दवाखान्यापर्यंत कोण नेणार? एकालाच येत असेल, तर दोघांचाही जीव टांगणीला.

आपल्याकडे तळं नसेल, मोटरहोम नसेल. पण दारात कार असते, शेतात ट्रॅक्टर असतो, विहिरीवर मोटर असते. आणि 'तू राहू दे, तुला नाही जमायचं' हे वाक्य तर घरोघरी असतं. मैत्रिणींनो, शिकायला एक रिकामं मैदान आणि न ओरडणारं एक माणूस पुरतं. माणूस मिळालं नाही, तर मैत्रिणीला घेऊन जा. पण किल्ली मागून घ्या.