जुन्या रेझरांचा देव्हारा

जुने सेफ्टी रेझर जमविणाऱ्यांचा एक उत्साही पंथ अमेरिकेंत आहे. जुनें तें टिकाऊ आणि नवें तें टाकाऊ, हें या पंथाचें मुख्य सूत्र. त्या सूत्रानुसार किंग कॅम्प जिलेट हा टिकाऊपणाचा आद्य ऋषि ठरतो. इतिहासाची साक्ष मात्र नेमकी उलट आहे.

जिलेट हा बाटल्यांच्या बुचांचा फिरता विक्रेता. गिऱ्हाइकानें वापरून फेंकावी आणि पुन्हां घ्यावयास यावें अशी वस्तु शोधून काढ, असा उपदेश त्यास विल्यम पेंटर या त्याच्या मालकानें केला होता. त्याचें फळ म्हणजे हें पातें! पूर्वीचा वस्तरा चामड्यावर घासून मनुष्य वर्षानुवर्षें वापरीत असे. तो ज्यानें निकालांत काढला त्यासच टिकाऊपणाचा कैवारी म्हणणें हा केवढा विपर्यास! १९०३ सालीं अवघे ५१ रेझर व १६८ पातीं खपलीं. १९१८ मध्यें अमेरिकन सैनिकांसाठीं ३५ लाख रेझर व ३ कोटींहून अधिक पातीं घेतलीं गेलीं. टाकून देण्याची दीक्षा ती हीच.

मग या रेझरांत आदरणीय असें कांहींच नाहीं काय? आहे, पण कपाटाच्या कांचेंतून तें दिसावयाचें नाहीं. १९०४ मध्यें मिळालेलें पेटंट १९२१ सालीं संपलें, आणि त्या रेझरास बसेल असें पातें करण्याची इतर कारखानदारांस मोकळीक झाली. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वींच्या त्या सांगाड्यांत आजचें साधें दुधारी पातें बिनतक्रार बसतें. झिजणारा भाग लहान व स्वस्त, न झिजणारा भाग कायमचा, आणि गिऱ्हाईक कोणा एका कंपनीचें बांधलेलें नाहीं! १९७१ मध्यें जोडपात्यांची प्लॅस्टिकची पेटी बाजारांत आली. तेव्हांपासून ज्या कंपनीचा दांडा तिचीच पेटी, हा दंडक बळावत गेला. खरें भांडण येथें आहे.

असें असतां, दुर्मिळ नमुन्यासाठीं चढाओढीनें दाम मोजावे, तो कुलुपांत ठेवावा आणि स्वतःची दाढी मात्र नव्या पेटीनें करावी, यास कोणी रसिकता म्हणत असेल तर खुशाल म्हणो. परंपरेचें रक्षण म्हणूं नये. वापरानें मुलामा झिजेल, अशी सबब पुढें येईलच. झिजूं द्या. वस्तूचा मान राखावयाचा असेल तर कुलूप काढावें, एक पातें आणावें आणि उद्यां सकाळीं तो रेझर कामास लावावा.