एकल स्वच्छतागृहावरील पाटी : नगरविकास विभागास खुले पत्र

प्रति,
नगरविकास विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : एका वेळी एकाच व्यक्तीने वापरावयाच्या सार्वजनिक स्वच्छतागृहांवरील ‘स्त्रिया’ व ‘पुरुष’ या पाट्यांबाबत.



उपाहारगृहे, दवाखाने, पेट्रोल पंप, बँकांच्या शाखा आणि छोटी कार्यालये यांत स्वच्छतागृहांचा एक प्रकार सर्रास आढळतो. त्यात एकच शौचपात्र आणि हात धुण्याचे एकच बेसिन असते, दाराला आतून कडी असते आणि ती लावली की आतल्या माणसाखेरीज तिथे दुसरे कोणी नसते. या प्रकाराला या पत्रात ‘एकल स्वच्छतागृह’ म्हटले आहे. अशा दोन खोल्या पुष्कळदा शेजारी-शेजारी असतात, त्यांची लांबी-रुंदी, नळ, फरशी सारे सारखे असते आणि तरीही एकीच्या दारावर ‘स्त्रिया’ आणि दुसरीच्या दारावर ‘पुरुष’ अशी पाटी किंवा नथ आणि मिशी यांचे चित्र लावलेले असते. आपली पाटी असलेली खोली बंद आहे आणि शेजारची रिकामी आहे, अशा वेळी त्या रिकाम्या खोलीत जावे की नाही, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी ज्याच्यावर ती वेळ येते त्याच्यासाठी तो अत्यंत निकडीचा असतो. जाण्यात मुळातच काही गैर नाही, आणि हा प्रश्नच कोणाला पडू नये अशी तजवीज करणे विभागाच्या हाती आहे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहिले आहे.

स्त्री-पुरुषांची स्वच्छतागृहे वेगळी असावीत या संकेतामागे ठोस कारण आहे. जिथे एका दालनात अनेक शौचकूप ओळीने असतात, त्यांची दारे वरून-खालून मोकळी असतात, भिंतीला मुताऱ्या असतात आणि अनोळखी माणसे एकमेकांना खेटून ये-जा करतात, तिथे संकोच आणि सुरक्षितता या दोन्ही कारणांसाठी वेगळेपण लागते, आणि आपल्याकडच्या सार्वजनिक जीवनाची आजची स्थिती पाहता ते पुढेही दीर्घकाळ लागेल. अशा दालनांविषयी या पत्राचे काहीही मागणे नाही. कायद्यानेही हे वेगळेपण आधी गर्दीच्या जागी आणले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १८८७ साली कारखान्यांत व कार्यशाळांत स्त्रियांसाठी स्वतंत्र शौचालये बंधनकारक केली, आणि भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम १९ ने स्त्री व पुरुष कामगारांसाठी स्वतंत्र आणि बंदिस्त व्यवस्था सांगितली. अशा तरतुदींमुळे स्त्री कामगारांसाठी शौचालय बांधणे मालकांना भाग पडले, म्हणून त्यांचे मोल कमी लेखता येत नाही. चूक झाली ती पुढे, जेव्हा अनेकांच्या दालनासाठी ठरलेला संकेत एका माणसाच्या खोलीलाही जसाच्या तसा लावला गेला. एकल स्वच्छतागृहात ज्याच्यापासून आडोसा हवा असा दुसरा माणूसच नसतो. तिथे आडोशाचे सारे काम दार आणि कडी करतात, पाटीकडे काही काम उरत नाही.

मराठी समाजाला ही गोष्ट नवी नाही. घरातले शौचालय आजी, नातू, जावई आणि आलेला पाहुणा सारेच वापरतात. मुंबईच्या अनेक चाळींत मजल्याच्या टोकाचे संडास सगळ्या बिऱ्हाडांचे सामायिक असत. आणि लांब पल्ल्याच्या रेल्वेगाडीत, ७२ शायिकांच्या जुन्या धाटणीच्या शयनयान डब्याला दोन्ही टोकांना मिळून जी चार शौचालये असतात, त्यांच्या दारांवर स्त्री वा पुरुष असे काही लिहिलेले नसते. मुंबईहून नागपूरला रात्रभर प्रवास करणारी बाई आणि तिच्या समोरच्या शायिकेवरचा अनोळखी पुरुष एकाच दारातून आळीपाळीने जातात, आणि तिथल्या अस्वच्छतेविषयी तक्रारी होत असल्या तरी दोघांना मिळून एकच दार असण्याविषयी तक्रार सहसा ऐकू येत नाही. विमानातही हेच चालते. मात्र हीच माणसे गाडीतून फलाटावर उतरली की नियम पालटतो. १९८९ च्या रेल्वे अधिनियमातील कलम १६२ नुसार, रेल्वे प्रशासनाने केवळ स्त्रियांसाठी राखलेल्या डब्यातच नव्हे, तर खोलीत वा अन्य जागीही एखादा पुरुष जाणूनबुजून आणि कायदेशीर सबबीशिवाय शिरला, तर त्याला ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्त्रियांच्या डब्यांचे रक्षण हा ज्याचा मुख्य उपयोग आहे असे हे कलम आपल्या जागी योग्यच आहे; परंतु पाटीला कायद्याचे वजन येऊ शकते हेही त्यातून दिसते, आणि म्हणून गरज नसलेल्या दारावर ती लावताना विचार झाला पाहिजे.

तथापि, दोन्ही पाट्या आज सारख्या वजनाच्या आहेत असे मानणे अन्यायाचे ठरेल. पुरुषांसाठी मुताऱ्या रस्तोरस्ती आहेत, त्यांतील बहुतेक फुकट आहेत, आणि जिथे नाहीत तिथे पुरुष भिंतीचा आधार घेतो व समाज त्याकडे काणाडोळा करतो. स्त्रीला यांपैकी काहीच उपलब्ध नसते. मुंबईत २०११ साली अनेक संस्थांनी मिळून सुरू केलेल्या ‘राइट टू पी’ या मोहिमेचे एक मुख्य म्हणणे हेच होते की, पुरुषांना मुतारीसाठी पैसे द्यावे लागत नाहीत, मग त्याच गरजेसाठी बाईकडून पैसे का घेतले जातात. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाच्या विश्वस्त संस्थेने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये, स्त्रियांसाठी रस्त्यांवर स्वच्छ प्रसाधनगृहे उपलब्ध करून देणे ही महापालिकांची घटनात्मक जबाबदारी असल्याचे स्पष्ट केले. त्याला आधार होता राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाचा, म्हणजे जीविताच्या हक्काचा. लघवी तासन्‌तास रोखून धरल्याने होणारे मूत्रमार्गाचे संसर्ग, बाहेर पडायचे म्हणून पाणीच न पिण्याची सवय, पाळीच्या दिवसांत होणारी कुचंबणा, गरोदरपणातील हाल हे सारे स्त्रियांच्या वाट्याला येते. अशा परिस्थितीत ‘स्त्रिया’ अशी पाटी असलेली खोली बंद असताना शेजारच्या ‘पुरुष’ लिहिलेल्या रिकाम्या खोलीत जाणाऱ्या बाईकडे रोखून पाहणे, तिला हटकणे किंवा बाहेर आल्यावर तिच्याकडे पाहून हसणे, हा निव्वळ असभ्यपणा आहे, आणि तिने तिथे जाण्याबद्दल कोणालाही खुलासा देण्याचे कारण नाही.

पुरुषाने ‘स्त्रिया’ लिहिलेल्या एकल खोलीत जाण्याविषयी मात्र, पाट्या आहेत तोवर, अधिक संयमाची अपेक्षा ठेवावी लागते, कारण एखाद्या स्त्रीसाठी दिवसभरात मिळणारी वापरण्याजोगी जागा ती एकच असण्याचा संभव मोठा असतो. मधुमेह, प्रोस्टेटचा आजार किंवा बिघडलेले पोट यांमुळे ज्याला थांबणे शक्य नाही त्याने संकोच न करता जावे. इतरांनी आधी आपली खोली पाहावी, ती बंद असेल आणि दुसरीसाठी कोणी स्त्री थांबलेली नसेल तरच तिकडे वळावे, थांबलेली असेल तर तिला पुढे जाऊ द्यावे. दारावर टकटक करून मगच ते उघडावे, आत गेल्यावर कडी नीट लागली आहे याची खात्री करावी, कारण अर्धवट लागलेल्या कडीमुळे बाहेरच्या आणि आतल्या अशा दोघांनाही ओशाळे व्हावे लागते. कमोड असेल तर बैठक उचलून वापरावी आणि पुन्हा खाली ठेवावी, शिंतोडे उडाले असतील तर ते पुसावेत, फ्लश चालत नसेल तर बादलीने पाणी ओतावे, फरशी चिखलाने बरबटू देऊ नये, आणि आत फोनवर बोलत बसू नये. यांतले काहीही पुरुषांपुरते नाही; पण ज्याने दुसऱ्यासाठी राखलेली जागा वापरली त्याच्यावर ती जशी मिळाली त्याहून स्वच्छ ठेवून निघण्याची जबाबदारी थोडी अधिक येते. ज्या ठिकाणी गर्दी असेल तिथे दोन्ही खोल्यांसाठी मिळून एकच रांग लावणे सर्वांत सोयीचे, कारण दोन वेगळ्या रांगांत एक खोली रिकामी आणि दुसरीपुढे तिष्ठणारी माणसे असे चित्र दिसते, तर एका रांगेत रिकामी झालेली कोणतीही खोली पुढच्या माणसाला मिळते. बेल्जियममधील घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली रांगांच्या गणिताच्या आधारे दाखवून दिले की, स्वच्छतागृहे सामायिक केल्यास स्त्रियांचा ताटकळण्याचा वेळ पुष्कळच घटतो आणि पुरुषांचा थोडासाच वाढतो.

शिष्टाचाराने सुटत नाहीत अशाही काही अडचणी आहेत. पक्षाघात झालेल्या नवऱ्याला धरून नेणारी पत्नी, वृद्ध आईला आधार देणारा मुलगा, चार वर्षांच्या मुलीला घेऊन बाहेर पडलेला बाप, यांनी कोणत्या दाराने आत जावे याचे उत्तर दोन पाट्यांच्या व्यवस्थेत नाही. अपंगांसाठीची सुलभ स्वच्छतागृहे अनेक ठिकाणी स्त्री-पुरुषांसाठी एकच ठेवलेली असतात ती याच जाणिवेतून, की मदतनीस व्यक्ती पुष्कळदा भिन्न लिंगाची असते. पारलिंगी व्यक्तींच्या बाबतीत तर प्रत्येक पाटी ही एक चौकशी होऊन बसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या ‘नालसा’ निकालात, म्हणजे राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवरील निकालात, त्यांच्यासाठी वेगळ्या सार्वजनिक शौचालयांची सोय करण्यास सांगितले; स्वच्छ भारत मोहिमेच्या एप्रिल २०१७ मधील मार्गदर्शक सूचनांनी त्यांना स्त्रियांचे वा पुरुषांचे, त्यांच्या पसंतीचे शौचालय वापरू द्यावे असे म्हटले; आणि १५ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील न्यायालयांच्या आवारांत स्त्रिया, पुरुष, अपंग व पारलिंगी व्यक्ती या चौघांसाठी स्वतंत्र शौचालयांचा आदेश दिला. जिथे जागा ऐसपैस आहे तिथे चार प्रकारची दालने उभी राहतील आणि राहावीत. परंतु गल्लीतल्या दवाखान्यात किंवा दहा टेबलांच्या खाणावळीत जेमतेम दोन खोल्या मावतात, आणि तिथे या चौघांनाही न्याय देण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे दोन्ही खोल्या सर्वांना खुल्या ठेवणे.

या सूचनेवर स्त्रियांकडून दोन आक्षेप येतात आणि ते गंभीरपणे ऐकले पाहिजेत. पहिला असा की, पुरुष जागा घाण करतात, त्यामुळे आज स्त्रियांना मिळणारी थोडीफार स्वच्छ खोलीही हातची जाईल. हा आक्षेप अनुभवातून आलेला आहे आणि तो खोडून काढता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे जिथे जागा असेल तिथे या दोन खोल्यांव्यतिरिक्त पुरुषांसाठी एक आडोशाची मुतारी बांधणे, म्हणजे उभ्याने लघवी करणाऱ्यांचा भार शौचपात्रावर पडणार नाही, आणि सफाईच्या वेळा ठरवून त्यांची नोंद दाराशी लावणे. जिथे मुतारी बांधणे अशक्य आहे आणि सफाईची हमी देता येत नाही, तिथे एक खोली स्त्रियांसाठी राखीव आणि दुसरी सर्वांसाठी खुली ठेवणे हा तात्पुरता मार्ग स्वीकारता येईल. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, विशेषतः लपवलेल्या कॅमेऱ्यांचा. चोरून पाहणे वा चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पण ज्याला हे दुष्कृत्य करायचे आहे त्याला दारावरची पाटी अडवत नाही. त्याला आळा बसतो तो जमिनीपासून चौकटीपर्यंत फट नसलेल्या दारामुळे, उंचावरच्या झडपेमुळे, उजेडामुळे आणि ती खोली निर्जन बोळात नसून माणसांच्या नजरेच्या टप्प्यात असण्यामुळे. हे सारे बांधकाम नियमांनी ठरवता येते.

इतरत्र हा विचार कायद्यात उतरला आहे. कॅलिफोर्निया राज्यात १ मार्च २०१७ पासून व्यवसायांतील, सार्वजनिक जागांतील व सरकारी इमारतींतील एकल स्वच्छतागृहे सर्वांसाठी खुली असल्याची पाटी लावणे बंधनकारक आहे, आणि अनेक अमेरिकी राज्ये ज्याचा आधार घेतात त्या आंतरराष्ट्रीय नळकाम संहितेच्या २०२१ च्या आवृत्तीनेही तोच नियम केला.

महाराष्ट्रात मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे वगळता बहुतेक राज्याला डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, आणि मुंबईला तिची स्वतंत्र नियमावली आहे. या दोन्ही नियमावल्या विभागाच्या मान्यतेने चालतात. स्वच्छतागृहांची संख्या ठरवणारी कोष्टके स्त्री आणि पुरुष असे दोन रकाने करून आकडे देतात आणि वास्तुविशारद तेच रकाने दारांवर उतरवतात. विभागाने दोन्ही नियमावल्यांत एकल स्वच्छतागृहाची व्याख्या घालावी आणि ते सर्वांसाठी खुले राहील असे म्हणावे. मात्र कोष्टकाने सांगितलेली एकूण संख्या तशीच राहील, दोन खोल्यांच्या जागी एक बांधून कोणाला जागा वाचवता येणार नाही, हेही त्याच कलमात निःसंदिग्धपणे लिहावे, कारण तसे न झाल्यास या सुधारणेचा पहिला बळी स्त्रियांचीच खोली ठरेल. प्रत्येक एकल खोलीत आतून पक्की लागणारी आणि बाहेरून ‘व्यग्र’ की ‘रिकामे’ हे दाखवणारी कडी, दिवा, वाहते पाणी, पिशवी टांगायला खुंटी आणि सॅनिटरी पॅडसाठी झाकणाचा डबा असावा. नियमांत बदल होण्यास वेळ लागतो. तोवर महापालिका, नगरपरिषदा आणि राज्य शासनाची कार्यालये यांना उद्देशून एक परिपत्रक काढून, जिथे वरील सोयी आज आहेत तिथल्या एकल स्वच्छतागृहांवरील दोन्ही पाट्या उतरवून त्या जागी ‘स्वच्छतागृह : सर्वांसाठी’ एवढेच लिहिण्याचा आदेश विभागाने द्यावा, आणि त्याची सुरुवात शासनाच्या स्वतःच्या इमारतींपासून करावी, ही विनंती.