चाळण्याजोगा चित्रपट

वेस अँडरसन यांचा 'द फ्रेंच डिस्पॅच' (२०२१) हा चित्रपट कुणाला आवडेल, या प्रश्नाचे आमचे उत्तर थोडक्यात असे : ज्याने एखादा दिवाळी अंक मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, मधल्या व्यंगचित्रांसह वाचला आहे, त्याला.

कारण हा चित्रपट म्हणजे एक अंकच आहे. एका काल्पनिक फ्रेंच गावातून निघणाऱ्या अमेरिकी नियतकालिकाचा संपादक वारतो आणि त्याच्या इच्छापत्रानुसार नियतकालिकही त्याच्याबरोबर थांबते. मग अखेरच्या अंकातला मजकूर क्रमाने समोर येतो : मृत्युलेख, गावाचे वर्णन आणि तीन दीर्घ लेख. तुरुंगातला खुनी चित्रकार, विद्यार्थ्यांचे बंड आणि पोलिसांसाठी रांधणारा आचारी हे त्यांचे विषय. रंगीत दृश्ये अचानक कृष्णधवल होतात, चौकट रुंद-अरुंद होते, एक पाठलाग तर चक्क व्यंगचित्रांतून घडतो. एकसंध कथानकाची अपेक्षा ठेवणाऱ्यास हे सारे तुटक वाटेल, आणि त्यात त्याचा दोष नाही. मराठीत 'बायोस्कोप'ने (२०१५) चार दिग्दर्शकांचे चार लघुपट एकत्र आणले. तेथे प्रत्येक लघुपटामागे एक कविता होती. येथे सर्व कथांमागे एका संपादकाची नजर आहे.

आडगावातून निघणारे नियतकालिक ही कल्पना इतरांस गमतीची वाटेल, सांगली जिल्ह्यातील वाचकास नव्हे. नांगर बनवणाऱ्या कारखान्याचे पत्रक म्हणून किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले. १९२९ मध्ये त्याचे 'किर्लोस्कर' झाले. पुढे १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडे आली. संपादक शं. वा. किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. अंकाचे देखणेपण हा मजकुराचाच भाग असतो, हे आमच्या मुलखाला इस्लामपुराहून फार दूर नसलेल्या त्या वाडीने शिकवले आहे. त्यामुळे अँडरसन यांच्या नटव्या चौकटींना निव्वळ दिखाऊ म्हणण्यास आमचे मन धजत नाही.

तरीही एक आक्षेप नोंदवलाच पाहिजे. विद्यार्थी-बंडाच्या कथेत जाहीरनामा, बुद्धिबळ आणि प्रेमप्रकरण यांना एकाच मापाचे हसू मिळते. प्रतिसरकारच्या आठवणी जपणाऱ्या वाळवा तालुक्यात बसून हे पाहताना ते हसू तोकडे वाटते. तरुणांच्या बंडाला नुसती लकब समजले की विनोद देखणा होतो, पण हलका पडतो.

या उणिवेची भरपाई आचाऱ्याच्या कथेत होते. विष खाऊन वाचलेला हा परदेशी आचारी लेखकाशी आपल्या परकेपणाविषयी दोन वाक्ये बोलतो. लेखक ती फार खिन्न म्हणून गाळतो. संपादक मात्र टाकून दिलेला तो कागद वाचतो आणि लेखाचा प्राण यातच आहे, म्हणून तो मजकूर परत घ्यायला लावतो. साऱ्या नक्षीकामाखाली दडलेले दुःख एका संपादकाने ओळखावे, हा क्षण आम्हांस मोठा वाटतो. 'सत्यकथा' १९८२ मध्ये थांबले तेव्हा मराठीने अशीच एक वाचणारी नजर गमावली. आज लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांस प्रसिद्धी क्षणात मिळते. गाळलेला परिच्छेद परत मागणारा कुणी भेटत नाही. असा कुणी असू शकतो, हे ज्यांना ठाऊकच नाही, त्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा.