बिघडलेलं टेबलही परीक्षकांसमोर येऊ द्या

डिझाइनच्या अभ्यासक्रमात वर्षअखेरीला परीक्षकांसमोर जी वस्तू मांडली जाते, ती विद्यार्थ्याच्या कामाचा शेवटचा तुकडा असते. त्याआधीचे उकललेले सांधे, वाकलेल्या फळ्या, रंग फसलेले नमुने तोवर भंगारात गेलेले असतात. गेली बरीच वर्षं मी एका डिझाइन महाविद्यालयाच्या कार्यशाळेत सुतारकाम शिकवतो. आमचं घर सुतारांचं, रंधा आणि पटाशी वडिलांकडून हातात आली. कार्यशाळेत उभं राहून माझं मत पक्कं होत गेलं आहे : निम्मे गुण या भंगारात गेलेल्या कामाला मिळायला हवेत. विद्यार्थी काय शिकला, ते तिथेच दिसतं.

यंदाच्या एका विद्यार्थिनीचं काम सांगतो. मुलगी सिंधुदुर्गातली. सजावटीचं फर्निचर हा तिचा विषय. चौरंगाच्या घाटाचं एक बसकं टेबल आणि त्यामागच्या भिंतीसाठी गंजिफ्याच्या रंगवलेल्या पत्त्यांवरून सुचलेली गोल चित्रं करायची, असं तिने ठरवलं. संगणकावरचा आराखडा देखणा होता. मग ती लाकडाकडे वळली.

पहिल्या टेबलाचा फळा तिने सागवानाच्या पट्ट्या जोडून केला आणि खालच्या चौकटीला चारही बाजूंनी फेविकॉल लावून घट्ट बसवला. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली आणि फळा मधोमध उचलला. लाकूड लांबीत जवळजवळ फुगतच नाही, रुंदीत मात्र फुगतं आणि उन्हाळ्यात पुन्हा आकसतं. त्याला हलायला जागा ठेवली नाही, तर ते वाकतं किंवा तडकतं. जुन्या वाड्यांच्या दारांत फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली असते, ती याचसाठी. हे पुस्तकात लिहिलेलं आहे आणि तिने ते वाचलंही होतं. पण उचललेल्या फळ्यावरून हात फिरवल्यावर तिने आपणहून विचारलं, “काका, मग स्क्रूचं भोक गोल न ठेवता लांबट ठेवलं तर?” उत्तर बरोबर होतं. ते तिला त्या वाकलेल्या फळ्याने शिकवलं.

दुसऱ्या टेबलाला फळा नीट बसला, पण पाय डुगडुगले. खोबणीत बसणारा पायाचा कुसू आखलेल्या रेघेच्या आतून कापल्यामुळे सैल झाला होता. फटीत लाकडाचा भुसा आणि फेविकॉल भरून वेळ मारून नेता आली असती. तिने सांधा उकलला, पाय बाजूला ठेवले आणि टाकाऊ लाकडावर कुसू कापण्याचा सराव सुरू केला. करवत रेघेच्या कोणत्या बाजूने चालवायची, हे डोळ्याला आणि मनगटाला कळायला वेळ लागतो. तो वेळ वेळापत्रकात कुठेच लिहिलेला नसतो.

मग ती सावंतवाडीला गेली. तिथल्या चितार आळीतली लाकडी खेळणी आणि फळं महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पोचली आहेत. लाखकाम पाहायला ती एका कारागिराच्या लेथपाशी बसली. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून लाकडावर चढते आणि केवड्याचं पान दाबून धरलं की तिला चकाकी येते. कांडी किती दाबायची, याचं माप कोणत्याही आराखड्यात लिहिता येत नाही. परत आल्यावर तिने तिसऱ्या टेबलासाठी पाय नव्याने कातले आणि लाखेचे पट्टे फक्त कातीव गोलाईवर ठेवले. आधीच्या आराखड्यात पायभर रंग होता. अर्धा रंग तिने स्वतःच काढून टाकला.

गंजिफ्याने तिला आणखी पुढे नेलं. दशावतारी गंजिफ्यात १२० गोल पानं असतात. १० अवतारांची प्रत्येकी १२ : राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, आणि दर अवताराची जमीन वेगळ्या रंगाची. पान हातात येताच खेळणाऱ्याला ते ओळखू यायला हवं, म्हणून रंग आणि आकृती यांना नेमून दिलेलं काम आहे. तिची पहिली गोल चित्रं वेलबुट्टीने गच्च भरलेली होती. शेवटच्या चित्रात एकच मासा आहे आणि तो खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू येतो.

या कलेचा इतिहासही शिकण्याविषयीच बोलतो. १९७० च्या दशकात गंजिफ्याची कला विझत आली असताना सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी तिला नवं आयुष्य दिलं. त्यासाठी राजाने एका वृद्ध चिताऱ्यासमोर बसून हातात कुंचला धरला. एकेकाळच्या संस्थानिकाला कारागिराचा शिष्य होण्यात कमीपणा वाटला नाही. आपल्या महाविद्यालयांना तो का वाटावा?

परीक्षेच्या दिवशी त्या मुलीचं तिसरं टेबल मांडलं होतं. परीक्षकांनी संकल्पना विचारली, ग्राहक कोण ते विचारलं, किंमत विचारली. फळ्याखालची लांबट भोकं पाहायला कुणी वाकलं नाही. पहिली दोन टेबलं तोवर जागा नाही म्हणून बाहेर काढली होती. तिच्या शेजारी ज्याचं काम होतं, त्याने बाहेरच्या कारागिराला पैसे देऊन वस्तू करवून आणली होती. दोघांना जवळपास सारखेच गुण मिळाले. मला याचं दुःख आहे. त्या मुलाला दोष देऊन ते संपणार नाही, कारण फक्त शेवटची वस्तू पाहणारी परीक्षा त्याला हाच मार्ग दाखवते.

जगभरच्या डिझाइन शिक्षणावर ज्या शाळेचा ठसा आहे, त्या जर्मनीतल्या बाउहाउसकडे पाहा. १९२० मध्ये मार्सेल ब्रॉयर तिथे विद्यार्थी म्हणून आला, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. १९२१ मध्ये त्याने गुंटा श्टोल्झल या विणकाम शिकणाऱ्या विद्यार्थिनीबरोबर एक खुर्ची केली : सिंहासनासारखी उंच, रंगवलेल्या लाकडाची, पाठीवर रंगीत विणकाम. पुढे साध्या पट्ट्यांची लाकडी खुर्ची आली आणि १९२५ च्या सुमारास पोलादी नळ्यांची, आज जगभर ओळखली जाणारी. १९२६ मध्ये ब्रॉयरने या खुर्च्या सिनेमाच्या फितीसारख्या एकाखाली एक लावून शाळेच्या मासिकात छापल्या. सुरुवातीला ते सिंहासन, शेवटी हवेवर बसलेली व्यक्ती. पाच वर्षांची प्रगती त्याने एका पानावर मांडली आणि पहिली खुर्ची लपवली नाही. त्याच शाळेत सुरुवातीच्या वर्षांत दर कार्यशाळेला दोन गुरू असत, एक कलावंत आणि एक कारागीर. तिथेही कारागिराला कलावंताइतका अधिकार नव्हता. ती उणीव आपण उचलायची गरज नाही.

यावर मला सांगितलं जातं की उद्योगाला संगणकावर झरझर काम करणारी मुलं हवी आहेत, आणि लेझर व सीएनसी यंत्रं आल्यावर कुसू हाताने कशाला कापायचा? यंत्रांना माझा विरोध नाही, आमच्या कार्यशाळेतही ती रोज चालतात. पण सीएनसी यंत्र चुकीचा आराखडाही तितक्याच सफाईने कापून देतं. पावसात फळा उचलणार आहे, हे ते सांगत नाही. ते सांगणारा माणूस घडवणं हेच अभ्यासक्रमाचं काम आहे. दुसरा आक्षेप जागेचा आणि खर्चाचा असतो. बिघडलेले सांधे ठेवायला एक मांडणी पुरते, आणि मोठ्या वस्तूंचे फोटो तारीखवार वहीत लावता येतात.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, निम्मे गुण कामाच्या वहीला आणि जपलेल्या नमुन्यांना द्या, आणि प्रत्येक बदलाचं कारण विद्यार्थ्याच्या तोंडून ऐका. दुसरी, कार्यशाळा संध्याकाळीही उघडी ठेवा, कारण हात वेळापत्रकाच्या तासाभरात तयार होत नाही. तिसरी, परीक्षकांत कारागिराला बसवा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये कलावंत आणि कारागिरांना उच्च शिक्षणसंस्थांशी जोडण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, म्हणजे दार उघडं आहे. सावंतवाडीचा लाख चढवणारा, पैठणचा विणकर, बिदरीकाम करणारा यांना एका दिवसाच्या प्रात्यक्षिकाला बोलावून शाल-श्रीफळ देणं पुरेसं नाही. त्यांना सत्रभराचं मानधन द्या आणि गुणपत्रिकेवर सही करण्याचा अधिकार द्या. ज्याला ते काम येतं, त्यानेच ते तपासावं.