घरची गाडी, घरची निगा : डिकीचा तळ



कंधार, लोहा, मुखेड या भागात फिरताना एखाद्या वाड्याच्या पडवीत जुनी अ‍ॅम्बॅसडर अजूनही उभी दिसते. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले, पण घरच्या माणसांचा जीव तिच्यावरून उडालेला नाही. लग्नकार्य, दवाखाना, मार्गशीर्षातली माळेगावची यात्रा हे सारे तिने पाहिलेले असते. मात्र वरून चकाकणाऱ्या या गाडीचा डिकीतला तळ आतून कुजलेला असू शकतो. आज त्याविषयी.

आधी तपासणी. डिकी रिकामी करा, गादी किंवा चटई उचला आणि दिवसाउजेडी तळावर जुना पेचकस टोचून पाहा. पत्रा खणखणीत वाजला तर चिंता नाही. भसकन आत गेला तर गंजाने पत्रा खाल्ला असे समजा. कोपरे, चाकांवरच्या कमानी आणि पत्र्याचे जोड नीट पाहा.

गंज का चढतो? डिकीच्या झाकणाचा रबर कडक होऊन चिरतो आणि पावसाचे पाणी आत झिरपते. तळाला पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतात, ती मातीने बुजतात. मन्याड खोऱ्यातली आपली काळी माती ओलावा सहजासहजी सोडत नाही. चाकाने उडालेला तिचा थर खालून पत्र्याला चिकटला, की पाऊस थांबल्यावरही तिथे ओल टिकून राहते. त्यात डिकीतून खताची पोती नेली तर भर पडते. सांडलेले खत हवेतले पाणी ओढते आणि त्या खारट ओलीने लोखंड झपाट्याने झिजते.

“डिकीच तर आहे, पोते अंथरू,” असे म्हणू नका. अ‍ॅम्बॅसडरला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा हा तिच्या सांगाड्याचाच भाग आहे. पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे अडकवलेल्या असतात तिथे गंज पोचला, तर भरल्या गाडीला धोका होतो. दुसरा धोका त्याहून मोठा आहे. सायलेन्सर फुटका असेल आणि तळाला भोके असतील, तर धूर गाडीत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. मागच्या सीटवर निजलेले लेकरू प्रवासाने दमले आहे असेच आपल्याला वाटते. तेव्हा भोक दिसले की सायलेन्सरही तपासून घ्या.

ठिगळ लावावे की तळ बदलावा? एका जागी तळहाताएवढा गंज असेल तर ठिगळ पुरते. ठिकठिकाणी चाळण झाली असेल तर तेवढा भाग कापून नवा बसवावा. बैलगाडीच्या साट्याची एक फळी कुजली तर आपण तीच बदलतो, साऱ्याच कुजल्या तर नुसत्या खिळ्यांनी भागत नाही. तसेच हे.

तयार तळ मिळाला तर उत्तम. नाहीतर चांगला डेंटर पुठ्ठ्याचा साचा काढून १८ किंवा २० गेजच्या पत्र्यातून तो घडवतो. जुन्या तळाला उठवलेल्या पन्हळ्या नव्यातही असाव्यात. त्यांच्यामुळे पत्र्याला ताठपणा येतो. गंजलेला भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापावा, कुजक्या कडेला वेल्डिंग धरत नाही. सलग वेल्डिंग केल्यास पत्रा तापून वाकडा होतो. म्हणून दूरदूर टाके मारत, थंड होऊ देत जोड पुरा करावा. घराच्या छपराचा जस्ती पत्रा वापरू नये. तो पातळ असतो, शिवाय जस्ताच्या धुराने कारागिराला थंडीताप भरतो. गंजावर नुसते डांबर फासणेही वाईट, कारण ओल आत कोंडून गंज वाढतच राहतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. पुष्कळ गाड्यांत पेट्रोलची टाकी याच भागात असते. टाकी उतरवून लांब ठेवल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी पडू देऊ नका. रिकामी टाकी निर्धोक नसते. तिच्यातली पेट्रोलची वाफच स्फोट करते. बॅटरीच्या तारा सोडवा, मागची सीट बाहेर काढा, वाळूची बादली हाताशी ठेवा आणि लेकरांना दूर बसवा.

काम झाल्यावर जोडांत सीलंट भरावे, रेड ऑक्साइडचा हात द्यावा, वर रंग आणि खालून संरक्षक लेप लावावा. पाणी निघण्याची छिद्रे मात्र मोकळी ठेवावीत. खासगी गाडीच्या नोंदणीला १५ वर्षे झाली, की दर ५ वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. तेव्हा मजबूत तळ उपयोगीच पडतो.

पुढची निगा घरच्या घरी होते. पावसाळ्यात दर पंधरवड्याला खालची माती पाण्याने धुवा, उन्हात डिकी उघडी ठेवा, चटई वाळवा. खताची पोती गाडीत घालायचीच झाली तर खाली ताडपत्री अंथरा आणि घरी आल्यावर डिकी झाडून घ्या. रबर चिरला असेल तर मृगाआधी बदला. रबराचा खर्च तळाच्या खर्चापुढे काहीच नाही.