कार्ड बदला, पण कारण समजून

रास्पबेरी पाय २०१२ मध्ये आला, तो मुलांनी प्रोग्रामिंग शिकावं म्हणून काढलेला स्वस्त बोर्ड होता. मायक्रो एसडी नव्हे, तेव्हा मोठं एसडी कार्डच लागायचं. कार्ड सरकवा, काही बिघडलं तर पुसून पुन्हा भरा, विषय संपला. शिकण्यासाठी ही सोय झकासच. पण आता आपण मंडळी त्याच बोर्डावर चोवीस तास होम असिस्टंट, घरातले फोटो, डेटाबेस असं काय काय चालवतो. खेळणं नोकरीला लागलं, पण राहायला अजून तंबूतच!

म्हणून सिस्टिम एसएसडीवर हलवावी असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र 'बूट किती फास्ट होतं' हे नेहमीचं कारण मला पटत नाही. जे यंत्र महिनोन्‌महिने बंदच होत नाही, त्याने बूट व्हायला वीस सेकंद घेतले काय नि चाळीस घेतले काय?

खरा मुद्दा आहे लिहिण्याचा. फ्लॅश मेमरीत चार किलोबाइट बदलायचे असले तरी जुनी जागा पुसताना अख्खा मोठा ब्लॉक पुसावा लागतो. आणि डेटाबेस, लॉग वगैरे मंडळी दिवसभर असंच चिमूट चिमूट लिहीत असतात. ए१ दर्जाच्या कार्डाने सेकंदाला किमान ५०० विखुरलेले राइट्स करावेत, ए२ ने २०००, असं मानक सांगतं. साधी एसएसडीसुद्धा ह्याच्या कितीतरी पट करते. शिवाय तिचा कंट्रोलर झीज सगळीकडे सारखी वाटतो आणि 'स्मार्ट' अहवालातून स्वतःची तब्येतही सांगतो. कार्ड बहुतेक वेळा काही न सांगताच जातं.

हलवणं अवघड नाही. पाय ४ (२०१९) बूटलोडर अद्ययावत असेल तर यूएसबीवरून थेट बूट होतो; फक्त निळा पोर्ट वापरा. पाय ५ ला (२०२३) पीसीआय एक्सप्रेसची एक लेन आहे, तिथे एम.२ हॅट लावून एनव्हीएमई बसते. 'एसडी कार्ड कॉपियर'ने नक्कल करा, रास्पी-कॉन्फिगमध्ये बूटचा क्रम बदला, झालं. पॉवर सप्लायवर मात्र पैसे वाचवू नका. पाय ५ ला ५ अँपिअरचा सप्लाय नसेल तर सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच मिळतात. मग डिस्क मध्येच गायब होते आणि बोल लागतो बिचाऱ्या एसएसडीला.

आता ज्याचा पाय नुसता एखादा स्क्रीन चालवतो, त्याने हा खर्च करूच नये. रास्पी-कॉन्फिगमधली ओव्हरले फाइल सिस्टिम सुरू केली की बदल रॅममध्येच राहतात आणि कार्डाची झीज जवळजवळ थांबते.

पण एक गोष्ट लक्षात ठेवाच. एसएसडी म्हणजे बॅकअप नव्हे. ऐन लिहिताना वीज गेली तर तिच्यावरचा डेटाही अर्धवट राहू शकतो. ज्या फोटोंची एकच प्रत आहे ते कुठेही ठेवा, भरवसा नशिबाचाच. तेव्हा बजेट करताना दुसऱ्या डिस्कचे पैसे आधी बाजूला काढा. शनिवारी सिस्टिम हलवलीत, तर रविवारी बॅकअपमधून दहा-वीस फोटो परत आणून उघडून बघा. ते उघडले, की मगच काम झालं म्हणा.