विक्रीनंतरचे चार शब्द

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो घेण्यास कोणी पुढे येईना. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर गावोगाव पोहोचला. परंतु माल खपू लागला की व्यापारापुढे दुसरा प्रश्न येतो. नांगर ही काही दरवर्षी घेण्याची वस्तू नव्हे. एकदा माल घेऊन गेलेला शेतकरी पुन्हा त्याच दारी यावा असे वाटत असेल, तर मधल्या काळात त्याच्याशी धागा कोणता राहावा?

१९२० साली किर्लोस्करवाडीहून निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे छोटे मासिक असा धागा ठरले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव त्याचे संपादक होते. निघाले तेव्हा ते कारखान्याचे मुखपत्रच होते. पण मुखपत्र आणि किंमतींची यादी यांत मोठे अंतर असते. किंमतींची यादी माणूस खरेदीची गरज पडल्यावर उघडतो. वाचनीय अंक मात्र तो गरज नसतानाही उघडतो, घरात इतरांना वाचून दाखवतो आणि जपून ठेवतो. पुढच्या खरेदीच्या वेळी ते नाव त्याच्या ओठांवर असते, ते यामुळेच.

हाच विचार परदेशातही काही व्यापाऱ्यांना त्याआधी सुचला होता. अमेरिकेतील जॉन डीअर या नांगरांच्या कंपनीने १८९५ मध्ये ‘द फरो’ म्हणजे ‘नांगराचा तास’ या नावाचे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक सुरू केले. ते आजही निघते. फ्रान्समध्ये टायर बनवणाऱ्या मिशेलिन बंधूंनी १९०० मध्ये मोटारमालकांसाठी एक मार्गदर्शिका छापली आणि तिच्या ३५ हजार प्रती फुकट वाटल्या. पेट्रोल कोठे मिळेल, मोटार कोण दुरुस्त करील, मुक्काम कोठे करावा, याबरोबरच टायर कसा काढावा व कसा दुरुस्त करावा, हेही तिच्यात दिले होते.

येथे व्यापारी मनाला एक शंका येते. टायर विकणाऱ्याने टायर दुरुस्त करण्याची विद्या फुकट का द्यावी? गिऱ्हाइकाचा माल जितका अधिक टिकेल, तितकी पुढची विक्री लांबणार नाही का? शंका खोटी नाही. एका विक्रीचा हिशोब मांडला तर त्यात तोटाच दिसतो. परंतु घरोब्याचा हिशोब एका पावतीवर मांडता येत नाही. आपला पैसा वाचावा म्हणून ज्याने न मागता सल्ला दिला, त्याच्या शब्दावर पुढच्या दहा खरेदी होतात. शिवाय मुलाबाळांना आणि व्याह्यांनाही त्याच दुकानाचे नाव सांगितले जाते.

जुन्या पेढ्यांवर हे काम लेखणीने नव्हे, बोलण्याने होत असे. गादीवर बसलेले वडीलधारे साडीची घडी घालता घालता सांगत, की पैठणी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, मलमलीत गुंडाळा. काही महिन्यांनी घडी बदला, नाहीतर एकाच रेघेवर वस्त्र विरते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. भांड्यांचे दुकानदार बजावत, की पितळेच्या पातेल्यात आंबट शिजवायचे तर आधी कल्हई करून घ्या. गिऱ्हाईक परत येत असे ते मालाइतकेच या चार शब्दांसाठी.

आज त्याच पेढीवर पुढची पिढी बसली आहे. बिल यंत्रातून निघते, माल मोबाईलवरही मागवता येतो, आणि गर्दीत बोलण्यास उसंत नसते. वडिलांच्या जिभेवरचे ज्ञान कोठेच उतरवून ठेवलेले नसते. ते गादीवरून उठतात, त्या दिवशी दुकानाची निम्मी पुंजी नकळत त्यांच्याबरोबर उठते. मग उरते ती केवळ किंमतीची स्पर्धा, आणि तिच्यात लहान पेढीचा टिकाव लागणे कठीण असते.

या हानीची जाणीव झालेले काही तरुण गिऱ्हाइकांना मोबाईलवर संदेश धाडू लागतात. पण त्या संदेशांत बहुधा दोनच गोष्टी असतात, सणाच्या शुभेच्छा आणि सवलतीची टक्केवारी. शुभेच्छा सर्वांकडून येतात, आणि सवलत अधिक देणारा शेजारी नेहमीच सापडतो. आठवड्यातून तीनदा येणारा असा संदेश न वाचताच पुसला जातो. ज्याला लिहायचे, त्याच्या उपयोगाचे त्यात काहीच नसेल, तर ते लिहिणे म्हणजे दारावर उगाच थाप मारणे होय.

उपयोगाचे काय लिहावे, हे शोधण्यास दूर जावे लागत नाही. गल्ल्याजवळ एक वही ठेवून महिनाभर गिऱ्हाइकांचे प्रश्न टिपले, तरी वर्षभराचे विषय हाती येतात. कुकरची शिटी नीट का होत नाही, या एका प्रश्नावर पुरेसे टिपण होते. झाकणातील रबरी कडे प्रत्येक वापरानंतर काढून धुवावे, कोरडे करावे. ते कडक झाले किंवा चिरले तर बदलावे. वाफेची नळी स्वच्छ आहे ना, हे कुकर चढवण्यापूर्वी पाहावे. एवढा मजकूर बिलामागे छापता येतो किंवा मोबाईलवर पाठवता येतो. वाचणारी गृहिणी नवे रबर आणण्यास येईल ती त्याच दुकानात, आणि येताना कदाचित कढईचीही चौकशी करील.

लेखनाला वेळही साधावी लागते, आणि ती खातेवही सांगते. पैठणी घेतलेल्या घरी घडी बदलण्याची आठवण सहा महिन्यांनी जावी. पंप घेतलेल्या शेतकऱ्याला देखभालीचे टिपण हंगामापूर्वी मिळावे. महिन्यातून एक टिपण पुष्कळ झाले. मात्र बिलासाठी दिलेला क्रमांक हा संदेशांचा परवाना नव्हे. गिऱ्हाइकाला आधी विचारावे आणि त्याने नको म्हटले तर त्याच दिवशी थांबावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याचा गाभाही संमती हाच आहे.

आणि सर्वांत अवघड कसोटी शेवटी येते. कधीतरी टिपणात लिहावे लागते, की यंदा नवे घेण्याची गरज नाही, दुरुस्ती पुरेशी आहे. किंवा अमुक माल आपल्या कामाचा नाही. ते लिहिताना व्यापाऱ्याचा हात अडखळतो, कारण समोर पडून असलेला माल दिसत असतो. परंतु ज्या दिवशी तो खरे लिहितो, त्या दिवसापासून त्याच्या बाकीच्या शब्दांना किंमत येते. जे लिहिणे केवळ विक्रीसाठी असते, ते गिऱ्हाइकाला दुसऱ्याच ओळीत ओळखू येते.

‘किर्लोस्कर खबर’ पुढे केवळ कारखान्याचे राहिले नाही. ‘किर्लोस्कर’ या नावाने ते महाराष्ट्रातील घराघरांत गेले आणि १९३० मध्ये त्याच्या जोडीला ‘स्त्री’ मासिकही निघाले. नांगराच्या गिऱ्हाइकांशी सुरू झालेले बोलणे इतके दूर गेले. प्रत्येक पेढीला मासिक काढणे शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. वडील गादीवर आहेत तोवर त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे आणि ते गिऱ्हाइकाला काय सांगतात ते उतरवून घ्यावे, एवढी सुरुवात मात्र कोणालाही करता येते.